डॉगवुड हवं होतं, रेडबड लावलं

२०२३ च्या जुलैतला शेवटचा शनिवार. संध्याकाळी आभाळ भरून आलं, वीसेक मिनिटं वारा नुसता घोंघावत होता आणि आमच्या दारातलं ब्रॅडफर्ड पेअर मधोमध उभं चिरलं. अर्धं झाड ड्राइव्हवेवर आडवं, अर्धं तसंच उभं. गाडी गॅरेजमध्ये होती, कुणाला लागलं नाही. उत्तर व्हर्जिनियात त्या संध्याकाळी असंख्य झाडं पडली, आमचं त्यातलंच एक.

तिथपासून नवीन झाड जमिनीत जाईपर्यंत आठ महिने गेले. दोन अर्ज, एक माती-चाचणी, एक 'खोदू का?' असा फोन आणि बराचसा गोंधळ. त्या काळात मराठीत कुणी हे नीट लिहून ठेवलेलं असतं तर बरं झालं असतं, असं फार वाटायचं. म्हणून हे लिहितेय.

ब्रॅडफर्ड पेअर म्हणजे आशियातून आलेल्या कॅलरी पेअरची एक जात. बिल्डरांनी इकडच्या वसाहतींमध्ये ती ओळीने लावली, कारण भराभर वाढते आणि मार्चमध्ये पांढरीशुभ्र फुलते. पण तिच्या बहुतेक फांद्या खोडाच्या एकाच टप्प्यावरून, अगदी अरुंद कोनात निघतात. पंधरा-वीस वर्षांत वजन वाढलं की तिथेच चीर जाते. शिवाय या पेअरची झाडं आता रानात माजली आहेत. ओहायोने २०२३ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणली. फाटलेलं झाड वाचवायच्या भानगडीत पडू नका, ते पुन्हा फाटतं.

८ ऑगस्टला आमच्या होम ओनर्स असोसिएशनचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलं. मोडकं झाड ३० दिवसांत काढा आणि ३० एप्रिल २०२४ पर्यंत मंजूर यादीतलं दुसरं झाड लावा. लावण्याआधी नमुना अर्ज भरून आर्किटेक्चरल समितीची परवानगी घ्या.

झाड काढण्यासाठी तीन जणांकडून दर मागवले. ९०० डॉलरपासून १,९०० पर्यंत उत्तरं आली. आम्ही ११५० वाल्याला बोलावलं, कारण त्याने विम्याचं प्रमाणपत्र न मागता पाठवलं. बुंधा दळून देणं त्यात होतं. दळलेला भुसा उचलून नेणं मात्र नव्हतं, हे मला काम झाल्यावर कळलं. दर विचारताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. भुशाने भरलेल्या त्या खड्ड्यात नवीन झाड लावता येत नाही. लाकूड कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि जमीन हळूहळू खचत जाते. सहा-आठ फूट बाजूला सरकावं लागतं. मी मात्र अर्जासोबतच्या नकाशावर जुन्या झाडाच्याच जागी फुली मारून मोकळी झाले होते. सप्टेंबरच्या बैठकीत अर्ज परत आला. समितीची बैठक महिन्यातून एकदा आणि अर्ज तिच्या दहा दिवस आधी पोचायला हवा. मी दोन दिवसांनी चुकले, म्हणजे ऑक्टोबरही गेला. तेव्हा फार चिडले होते. आता वाटतं, तो उशीर झाला नसता तर मी चुकीचं झाड लावून बसले असते.

कारण मला डॉगवुडच हवं होतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये आम्ही या देशातला पहिला वसंत पाहिला तो शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावर. उंच झाडं अजून उघडीबोडकी होती आणि त्यांच्या खाली, सावलीत, पांढऱ्या फुलांचे थरच्या थर आडवे तरंगत होते. एवढं शांत फुलणं मी कधी पाहिलं नव्हतं. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येकाला चार पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला तपकिरी खाच. पुढे कळलं की त्या पाकळ्याच नव्हेत. बोगनवेलीला जशी रंगीत छदं असतात आणि खरं फूल मधे बारीकसं असतं, तसंच इथे. खरी फुलं म्हणजे मधला हिरवट-पिवळा गुच्छ. व्हर्जिनियाचं राज्यफूल १९१८ पासून हेच आणि राज्यवृक्षही १९५६ पासून हाच. जपानने वॉशिंग्टनला चेरीची झाडं १९१२ मध्ये दिली, त्याची परतफेड म्हणून अमेरिकेने १९१५ मध्ये जपानला पाठवली ती डॉगवुडचीच.

असोसिएशनच्या मंजूर यादीत चौदा झाडं होती. घर आणि फुटपाथ यांच्यामध्ये आम्हाला जेमतेम चोवीस फूट मिळतात, त्यामुळे मेपल आणि ओक आपोआप गळले. लहान चणीची, वीस ते तीस फुटांवर थांबणारी आणि मूळ इथलीच अशी दोनच उरली: फ्लॉवरिंग डॉगवुड आणि ईस्टर्न रेडबड. रेडबडकडे मी तोवर लक्षच दिलं नव्हतं. हायवेच्या कडेला एप्रिलच्या सुरुवातीला जांभळट गुलाबी दिसतं ते, एवढीच ओळख.

त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला, मंगळवारी होता. पुढच्या शनिवारी आम्ही मुलांना घेऊन बॉइसजवळच्या ब्लँडी फार्मवर गेलो. व्हर्जिनियाचं स्टेट आर्बोरेटम (वृक्षोद्यान) तिथे आहे आणि त्यातलं गिंकोचं बन पिवळंधमक झालं की बघायला गर्दी होते. बनातून परतताना वाटेत एक बुटकं, पसरट झाड लागलं. पानं हाताच्या पंजाएवढी, नेमकी बदामाच्या आकाराची, अर्धी हिरवी अर्धी पिवळी. मुलगी एक पान उचलून म्हणाली, "आई, सोनं." घरी चार दिवसांपूर्वीच आम्ही कागदाची आपट्याची पानं कापून वाटली होती. पान हातात घेतलं तर देठापासून पाच-सात शिरा पंख्यासारख्या निघालेल्या, थेट आपट्यासारख्या. फक्त मधली चीर नाही. पाटीवर नाव होतं सर्सिस कॅनाडेन्सिस, म्हणजे ईस्टर्न रेडबडच, कुळ शेंगांचं.

घरी येऊन शोधलं. आपटा, कांचन आणि रेडबड एकाच उपकुळातले. त्या उपकुळाचं नावही सर्सिसवरूनच आहे. आपट्याच्या पानाचे दोन भाग सुटे दिसतात, रेडबडचे पूर्ण जुळलेले, पण घराणं एक. त्या रात्री मला उगाचच भरून आलं. आठ वर्षं रोज ज्याच्या शेजारून गाडी नेली ते आपल्या दसऱ्याच्या झाडाचं भावंड निघालं.

तरी मन डॉगवुडवरच होतं, हे प्रामाणिकपणे सांगते.

नोव्हेंबरमध्ये एक्स्टेन्शनच्या प्लँट क्लिनिकला गेले. प्रत्येक राज्यात सरकारी कृषी विद्यापीठाशी जोडलेली ही को-ऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन सेवा असते. १९१४ च्या कायद्यापासून ती चालू आहे आणि ती शेतकऱ्यांइतकीच आपल्यासारख्या परसबागवाल्यांसाठीही आहे. मास्टर गार्डनर म्हणून प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक तिथे फुकट सल्ला देतात. टेबलामागे सत्तरीच्या आजी होत्या. तुम्हाला काय आवडतं, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते असं: ऊन किती तास, पाण्याचा निचरा कसा, मातीचा पीएच, म्हणजे आम्लता, किती? मला तिन्हींपैकी एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्यांनी मातीच्या चाचणीचा पुठ्ठ्याचा डबा हातात दिला आणि म्हणाल्या, हे तीन आकडे घेऊन या, मग बोलू.

ऊन मोजायला एक रविवार दिला. दर तासाला खिडकीतून बघून वहीत लिहिलं. साडेदहाला ऊन यायचं ते मावळेपर्यंत जायचं नाही. तोंड पश्चिमेला, शेजारी काळा डांबरी ड्राइव्हवे. नोव्हेंबरात ही तऱ्हा, तर जुलैत काय होत असेल!

निचऱ्यासाठी दीड फूट खोल खड्डा खणला. वरची सहा इंच माती बरी, त्याखाली तांबूस पिवळा चिकणमातीचा थर, फावड्याला चिकटून साबणासारखा गुळगुळीत कापला जाणारा. खड्डा पाण्याने भरला, पूर्ण जिरू दिला, मग पुन्हा भरला. मोजायचं ते दुसऱ्या वेळचं. पट्टी उभी धरून ठेवली, तासाभरात पाणी सव्वा इंच उतरलं. तासाला एक इंचाहून कमी असेल तर जागा बदलावी म्हणतात. आम्ही काठावर पास.

मातीसाठी सात-आठ ठिकाणची माती एकत्र कालवून, वाळवून डब्यात भरली आणि ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगशाळेत पाठवली. टपालासकट पंचवीस डॉलरच्या आत काम झालं. दोन आठवड्यांत ईमेलने अहवाल आला: पीएच ६.९. आजींच्या मते बांधकामाच्या वेळी मातीत मिसळलेला सिमेंट-चुना याला कारण असावा, कारण या भागातली माती सहसा आम्लधर्मी असते.

आता दोन्ही झाडं त्या आकड्यांसमोर उभी केली. डॉगवुड जंगलातलं, उंच झाडांच्या पायाशी वाढणारं. त्याची मुळं उथळ, त्याला ५.५ ते ६.५ च्या दरम्यानची आम्ल माती, पानांचा कुजवा, थंड मुळं आणि दुपारची सावली लागते. भर उन्हात, तापलेल्या डांबराशेजारी त्याच्या पानांच्या कडा करपतात. ताणात असलेल्या झाडाला खोडकिडा लागतो, आणि गवत कापायच्या यंत्राची एक ठोकर खोडाला बसली तरी त्याला आत शिरायला वाट मिळते. उलट फार दाट, दमट सावलीत दिलं तर अँथ्रॅक्नोज. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिसलेल्या या बुरशीने पूर्वेकडच्या जंगलांतली पुष्कळ डॉगवुडं खाल्ली. म्हणजे त्याला लागते ती मधली जागा: सकाळचं ऊन, दुपारची सावली, खेळती हवा. माझ्या दारात यातलं काहीच नव्हतं.

रेडबडला ऊन चालतं, अर्धी सावली चालते, चिकणमाती चालते, पीएच सातच्या वर गेला तरी ते तक्रार करत नाही. एकदा रुजलं की थोडाफार कोरडा काळही काढतं. साचलेलं पाणी मात्र त्यालाही नको.

रेडबडचे दोषही तितकेच खरे आहेत. आयुष्य कमी, पुष्कळ झाडं वीस-तीस वर्षांत थकतात. फांद्यांना कँकर होतो, म्हणजे साल कुजून फांदी वाळते. हिवाळाभर तपकिरी शेंगा लटकतात आणि वसंतात वाफ्यात रोपंच रोपं उगवतात. शेंगावर्गीय असूनही ते मुळांत नत्राच्या गाठी करत नाही, तेव्हा जमीन सुधारेल ही आशा नको. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या अरुंद जोडातून तेही फाटू शकतं, ज्या कारणाने आमचं पेअर गेलं त्याच कारणाने. शरदातही डॉगवुडच सरस. लालजांभळी पानं आणि पक्षी ज्यावर तुटून पडतात ती लालचुटुक फळं. रेडबड पिवळं होऊन गळतं, बस.

डिसेंबरच्या बैठकीसाठी मी अर्जावर रेडबड लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं, पण शंका नव्हती. सोबत घराच्या जागेचा मोजणी नकाशा (घर घेतानाच्या कागदपत्रांत असतो, नाहीतर काउंटीकडे मागावा लागतो), त्यावर घरापासून आणि फुटपाथपासूनची अंतरं, झाडाची पूर्ण वाढलेली उंची आणि घेर, आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या. सही म्हणजे संमती नव्हे, फक्त 'आम्हाला कळवलं आहे' एवढंच, हे शेजाऱ्यांना आधी सांगा म्हणजे ते बिचकत नाहीत. २१ डिसेंबरला मंजुरी आली.

फेब्रुवारीत नर्सऱ्या फिरले. फॉरेस्ट पॅन्सी नावाची जांभळ्या पानांची जात सगळीकडे होती, पण मला साधी रानातली, हिरव्या पानांचीच हवी होती. रेडबडची मुळं खोल जाणारी असतात, त्यामुळे मोठं झाड उपटून लावलं की ते रुसतं. लहान घेतलेलं बरं. सात गॅलनच्या कुंडीतलं, माझ्या डोक्याहून थोडं उंच, एका खोडाचं आणि रुंद कोनात फांद्या फुटलेलं झाड १४५ डॉलरला निवडलं. शेजारीच त्याहून भरगच्च, तीन खोडांचं उभं होतं, ते सोडलं.

११ मार्च २०२४ ला 811 वर, म्हणजे जमिनीखालच्या तारा आणि नळ्या कुठे आहेत ते दाखवून देणाऱ्या सेवेला, कळवलं. खोदण्याआधी हे कायद्याने बंधनकारक आहे आणि फुकट आहे. तीन कामाचे दिवस थांबायला सांगतात. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं येऊन गवतावर रंग मारून जातात: लाल विजेचा, पिवळा गॅसचा, निळा पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा, नारिंगी फोन आणि केबलचा. शुक्रवारी संध्याकाळी बघते तर माझ्या फुलीपासून फुटभरावर नारिंगी रेघ. पुन्हा नकाशा, चार फूट दक्षिणेला नवी फुली, समितीला ईमेल. यावेळी बैठकीची वाट न बघता २६ मार्चला होकार आला. म्हणून सांगते, क्रम उलटा करा: आधी 811, मग नकाशा. पण त्यांच्या तिकिटालाही मुदत असते, ती संपली तर पुन्हा कळवावं लागतं. आणि तुमच्या स्वतःच्या स्प्रिंकलरच्या नळ्या ते दाखवत नाहीत.

३० मार्चच्या शनिवारी झाड लावलं. खड्डा कुंडीच्या तिप्पट रुंद, पण खोली कुंडीएवढीसुद्धा नाही, दोन इंच कमीच. चिकणमातीत झाड नंतर बसतं, म्हणून थोडं उंचावर ठेवायचं. कुंडी काढल्यावर वरची माती हाताने उकरली तेव्हा दिसलं की खोड जिथून मुळांकडे पसरतं तो भाग तीन इंच मातीखाली गाडलेला होता. नर्सरीत असं सर्रास होतं. ती माती काढली, गोल गोल फिरलेली मुळं कात्रीने कापली. नवरा खत आणि पीट मॉसची पिशवी घेऊन उभा होता, ती परत नेली. चिकणमातीतला खड्डा मऊ मातीने भरला की त्याची बादली होते, पाणी आत साचतं आणि मुळं बाहेर जायचं नाव घेत नाहीत. निघालेलीच माती परत भरली. वर तीन इंच लाकडाच्या भुग्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर. इथे लोक खोडाभोवती भुग्याचे वारूळ रचतात, त्याने साल कुजते.

पहिला उन्हाळा कठीण गेला. २०२४ च्या जूनमध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. पाच गॅलनच्या बादलीला तळाशी दोन बारीक भोकं पाडली आणि आठवड्यातून तीनदा ती भरून खोडाशी ठेवली. पाणी अर्धा तास झिरपत राहायचं. स्प्रिंकलरच्या भरवशावर नवीन झाड सोडू नका, ते पाणी गवतच पिऊन टाकतं.

जुलैत एका सकाळी पानांच्या कडांना गोल गोल भोकं दिसली, पंचिंग मशीनने पाडावीत इतकी नेटकी. पोटात गोळा आला. फोटो काढून क्लिनिकला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: पानकापी माशी. ही एकटी राहणारी मधमाशी पानाचे गोल तुकडे कापून घरट्याच्या खोल्या विणते, झाडाला काही होत नाही, फवारू नका. मग मी रोज चहा घेऊन तिथेच उभी राहायचे. एकदा प्रत्यक्ष दिसली. पानाच्या कडेवर बसून स्वतःभोवती फिरत तिने पाच-सहा सेकंदांत चकती कापली आणि ती पोटाखाली धरून उडून गेली.

ऑक्टोबरात हरणांसाठी खोडाभोवती चार फूट जाळी बांधली. नर हरणं शिंगं घासून साल सोलतात, कोवळं झाड त्यात मरतं. जाळीला ३५ डॉलर लागले. जुनं झाड काढण्यापासून सगळा हिशोब मांडला तर सुमारे १,४०० डॉलर झाले, त्यातले नवीन झाडावरचे अडीचशेही नाहीत.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. झाडावर पंचवीस-तीसच पानं उरली होती. मुलीने गळालेलीच वेचली, पुसली आणि घरी आलेल्या प्रत्येकाच्या हातावर एक एक ठेवलं.

२०२५ च्या मार्चअखेर आई वाईहून आली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पानांचा पत्ता नसताना फांद्यांवर गुलाबी ठिपके फुटले. आई सकाळी शाल गुंडाळून बाहेर गेली आणि मला हाका मारायला लागली. "अगं, हे बघ की! उंबरागत खोडालाच फुटलंय." खरंच, जुन्या सालीतून, जिथे डोळा असेल असं वाटणारही नाही तिथून, थेट फुलांचे झुबके बाहेर आले होते. एकेक फूल जेमतेम नखाएवढं, मटाराच्या फुलासारखं. ती फुलं खाता येतात, हे मी तिला सांगितलं. तिने एक तोडून चावलं, म्हणाली आंबटसर आहे, आणि मूठभर काकडीच्या कोशिंबिरीत घातली.

डॉगवुडची गोष्ट तिथे संपलेली नाही. मागच्या अंगणात, जुन्या ओकच्या पूर्वेला, सकाळी चार तास ऊन आणि दुपारी पूर्ण सावली मिळते. मे महिन्यात मी तिथली माती पाठवली, पीएच ६.१ आला. अँथ्रॅक्नोजला दाद न देणारी ॲपालेचियन स्प्रिंग नावाची जात टेनेसी विद्यापीठाने काढली आहे, ती नर्सरीत नोंदवून ठेवलीय. 811 ला आधी कळवलं, रेघा बघितल्या, मगच नकाशावर फुली मारली. अर्ज बैठकीच्या बारा दिवस आधी दिलाय.